वावर विकू की राखू, हे देव सांगत का नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका भावाचं पाच पानी पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देते.

वय 38. घरी बायको, नववी संपवून दहावीत जाणारी मुलगी, सहावीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले वडील. आई वारली. दोन बहिणी लग्न होऊन गेल्या. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. आजोबांनी मिशनच्या दवाखान्यात नोकरी करून ते घेतलं होतं. सातबारा आता वडिलांच्या नावावर आहे. दोन वर्षं कापसाने मार दिला, सोसायटीचं पीककर्ज थकलं, कृषी केंद्राची उधारी वेगळीच. अशात नागपूरजवळच्या एका वसतिगृहात देखरेखीची नोकरी चालून आली. महिना चौदा हजार आणि राहायला एक खोली. मे संपायच्या आत कळवायचं आहे.

गावातल्या उपास-प्रार्थनेत या भावाने नोकरीसाठी प्रार्थनेची विनंती केली. बाहेरून आलेल्या एका सेवकाने, म्हणजे प्रचारकाने, डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "प्रभू तुला या मातीतून बाहेर काढतोय. वावर विक, मागे वळून पाहू नको." विकल्यावर पहिला वाटा नव्या प्रार्थनाघराला द्यावा, असंही नंतर सुचवलं गेलं. तेव्हापासून हा भाऊ खुणा शोधतो आहे. चिठ्ठ्या टाकल्या, एकदा 'विक' निघालं, एकदा 'राख'. डोळे मिटून बायबल उघडलं, तर आधी अब्रामाला देश सोडायला सांगितलेला उत्पत्तीचा बारावा अध्याय निघाला आणि दुसऱ्या दिवशी 37वं स्तोत्र, जिथे देशात वस्ती करायला सांगितलं आहे. आता त्याने देवापुढे अट घातली आहे: मृगात पाऊस आला तर राहीन, नाही तर विकीन. बायको म्हणते, विकू नका, एक वर्ष मक्त्याने द्या आणि तुम्ही एकटे जाऊन पाहा. पण "ती संसारी विचार करते," असं तो लिहितो. कापूस गेला ही देवाची शिक्षा असावी, आणि आता चुकीचं पाऊल पडलं तर आपण देवाच्या इच्छेच्या बाहेर फेकले जाऊ, ही भीती त्याला खाते आहे. "देवानं एकदाचं सांगून टाकावं ना जी ताई, हो का नाई."

प्रिय भाऊ,

प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, दोन ओळी आहेत. रात्री झोप येत नाही, आणि "कधी कधी वाटते मीच मधातून निघून गेलो तं सगळ्याइचं सोपं होईन." वावराचं नंतर बघू, आधी हे. निघून जाणं म्हणजे गाव सोडणं की जीव देणं, हे मला पत्रावरून कळत नाही, म्हणून सरळ विचारते. जिवाचं काही मनात येत असेल तर आजच्या आज बायकोला किंवा तुमच्या पाळकसाहेबांना ते याच शब्दांत सांगा. 14416 हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा मोफत नंबर आहे. रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. फवारणीचं औषध घरात पडलं असेल तर ते दुसऱ्या कोणाकडे ठेवायला द्या. यात विश्वास कमी पडण्यासारखं काहीच नाही. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला तो एलीया, थोड्याच दिवसांनी रानात एका झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवाने त्याला रागावलं नाही, उपदेशही केला नाही. दूताने उठवून भाकर खायला दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, आणि परत उठवून खायला घातलं. पुढे कुठे जायचं आणि काय करायचं, हे बोलणं त्यानंतरचं. तुम्ही उपास धरून आहात असं लिहिलंय. तो आता सोडा. दोन वेळा जेवा, झोपा, आणि मग हे पत्र पुढे वाचा.

तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय तो याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय. ज्याला ज्ञान उणे असेल त्याने देवाजवळ मागावं, पण विश्वासाने मागावं. संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा हेलकावे खातो आणि त्याला काही मिळणार नाही. तुमचा अर्थ असा: माझं मन वावराच्या बाबतीत इकडे-तिकडे होतं, म्हणजे मी संशयी, म्हणजे देव मला ज्ञान देणार नाही. भाऊ, काय करावं ते ज्याला कळत नाही, त्याच्यासाठीच तर ते वचन लिहिलंय. ज्याला कळतं तो ज्ञान मागेल कशाला? याकोब ज्या संशयाबद्दल बोलतो तो देणाऱ्याबद्दलचा आहे: हा देव भला आहे की नाही, याच्यावर टेकावं की दुसरीकडेही एक पाय ठेवावा. आणि त्याच वचनात देवाबद्दल जे म्हटलंय ते तुम्ही पत्रात गाळलं. तो सगळ्यांना मोकळ्या हाताने देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही. चूक झाली रे झाली की फेकून द्यायला टपलेला देव तुमच्या पत्रात आहे. याकोबाच्या पत्रात मला तो सापडला नाही.

देवाच्या इच्छेबद्दलची तुमची समजूत मला इथेच तपासावीशी वाटते. देवाने आपल्या नावाने एकच कागद लिहून कुठे तरी लपवून ठेवलाय, तो सापडला तर आशीर्वाद आणि नाही सापडला तर नाश, असं तुम्ही धरून चालला आहात. असं समजणारे तुम्ही एकटे नाहीत. मंडळ्यांमध्ये आपण पोरांना असंच शिकवतो आणि मग ती पोरं लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी घाबरून बसतात. पण पवित्र शास्त्रात "देवाची इच्छा ही आहे" असं स्पष्ट म्हटलंय ते कुठे, हे काढून पाहा. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की तुमचं पवित्र होणं ही देवाची इच्छा आहे, सर्व स्थितीत उपकार मानणं ही देवाची इच्छा आहे. मीखा संदेष्टा सांगतो, न्यायाने वागावं, दया आवडीने करावी, देवासमोर नम्रपणे चालावं. यातलं एकही असं नाही जे नागपुरात जमेल आणि गावात जमणार नाही, किंवा वावरात जमेल आणि वसतिगृहाच्या फाटकावर जमणार नाही. तुम्ही कुठे राहाल यापेक्षा तिथे कसे राहाल, कर्ज कसं फेडाल, वडिलांना कसं वागवाल, हे देवाने कितीतरी अधिक उघड करून सांगितलंय.

ठिकाण महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. पण ठिकाणाच्या बाबतीत तो आपल्याला बरीच मोकळीक देतो. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय काढा. पौलाला आशियात वचन सांगायचं होतं, वाट बंद झाली. बिथुनियात जाऊ पाहिलं, तीही बंद. मग त्रोवसात रात्री दृष्टांत झाला, आणि सकाळी सगळ्यांनी मिळून त्यावर विचार करून ठरवलं की मासेदोनियाला जायचं. तोवर तो बसून राहिला नव्हता. चालत होता, अडत होता, वळत होता. आणि दृष्टांत खरा असूनही फिलिप्पैला पोहोचल्यावर मिळालं काय? फटके आणि तुरुंग. म्हणजे पुढे त्रास झाला म्हणून निर्णय चुकला, असंही धरता येत नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. यवतमाळचं युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून तिथे होतं. तुमच्या वडिलांनी ते पाहिलं असेल. 1983 मध्ये ते पुण्याला गेलं. यवतमाळात होतं तेव्हाही तिथून पाळक घडले, पुण्याला गेल्यावरही घडले.

खुणांबद्दल थोडक्यात सांगते. गिदोनाने लोकर अंथरून खूण मागितली हे खरं, पण काय करायचं हे देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. त्याचा धीर होत नव्हता म्हणून त्याने खूण मागितली, आणि देवाने सांभाळून घेतलं. सगळ्यांनी असंच करावं असं शास्त्र कुठे सांगत नाही. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना, पवित्र आत्मा उतरण्याच्या आधी; त्यानंतर नव्या करारात मंडळीने चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याचं दिसत नाही. डोळे मिटून उघडलेल्या दोन्ही पानांवर देवाचंच वचन होतं. एक अब्रामाला दिलेली आज्ञा, दुसरं दाविदाचं स्तोत्र. तुमच्या सातबाऱ्याबद्दल त्या दोन्ही ठिकाणी काही लिहिलेलं नाही.

आणि पाऊस? प्रभू येशूने सांगितलंय की पिता नीतिमानांवरही पाऊस पाडतो आणि अनीतिमानांवरही. मृगाचा पाऊस तुमच्या धुऱ्याशी येऊन थांबत नाही, तो सगळ्या शिवारावर पडतो. त्या एका पावसात तुमच्या घराचा निकाल कसा शोधणार? शिवाय तुम्ही शेतकरी आहात. पहिल्या सरीला कोणी तिफण बाहेर काढत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो, आणि दुबार पेरणीचा फटका बसलेला माणूस ते ऐकतोही. त्याला कोणी अविश्वासी म्हणत नाही. बी टाकायला जी अक्कल वापरता तीच जमीन विकायला वापरली, तर देवाचा काय अपमान होणार आहे?

आता त्या सेवकाच्या शब्दांबद्दल. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण असली पत्रं मला सारखी येतात.

देव आजही माणसांकरवी बोलतो असं मी मानते. पौल म्हणतो, संदेशांचा धिक्कार करू नका. पण त्याच दमात तो म्हणतो, सर्व गोष्टींची पारख करा. ही दोन्ही वाक्यं पाळायची आहेत. 1 राजे, तेरावा अध्याय वाचा; तो आपल्याकडे क्वचितच वाचला जातो. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला देवाने स्वतः सांगितलं होतं की तिथे जेवायचं नाही आणि गेला त्या वाटेने परतायचं नाही. बेथेलातला एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठून म्हणाला, मीही संदेष्टाच आहे, देवदूताने मला सांगितलंय, घरी चल आणि जेव. तो खोटं बोलत होता. या बिचाऱ्याने त्याचं ऐकलं, आणि परतताना वाटेत सिंहाने त्याला मारलं. देव दुसऱ्याकडून बोलला असं कोणी सांगितलं, म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं होत नाही.

याच्या उलट प्रेषितांची कृत्ये, एकविसावा अध्याय. अगाब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि सांगितलं, यरुशलेमेत या कमरबंदाच्या धन्याला असंच बांधतील. तो खरा संदेष्टा होता आणि संदेशही खरा ठरला. सगळे रडून पौलाला म्हणाले, जाऊ नको. पौल गेलाच. काय होणार ते अगाबाने सांगितलं. जायचं की नाही हे पौलाने देवासमोर स्वतः ठरवलं. आणि त्याचं मन वळत नाही हे पाहिल्यावर सगळे गप्प झाले आणि म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो.

आता तुमची सभा आठवा. नोकरीचं तुम्ही आधीच प्रार्थनेच्या विनंतीत सांगितलं होतं. म्हणजे तुम्हाला गाव सोडायची संधी आली आहे हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. "मागे वळून पाहू नको" हे लोटाच्या गोष्टीतलं आहे, आणि तिथे मागे सदोम जळत होतं. तुमच्या मागे म्हातारे वडील आहेत. आणि विक्रीतला पहिला वाटा प्रार्थनाघराला द्यावा ही सूचना. मी कोणाच्या मनात शिरून पाहिलेलं नाही, त्या सेवकाचा हेतू निर्मळही असेल. पण ज्या संदेशातून सांगणाऱ्याच्या कामाला पैसा मिळणार असेल, त्याची पारख दुप्पट करावी. पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्यांना मीखाने कसं झोडपलंय ते पाहा. तुमच्या पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या पंचांना ही गोष्ट सांगितली का? पत्रात ते कुठे नाही. त्यांना सांगा. संदेश देवाकडचा असेल तर चार माणसांच्या पारखीने तो मोडणार नाही.

शिक्षेबद्दल. कापूस बोंडअळीने गेला असं तुम्ही लिहिता आणि लगेच पुढच्या ओळीत स्वतःची जुनी पापं मोजता. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भभर कापूस खाल्ला. तेव्हा काय सगळ्या विदर्भाने एकाच वर्षी पाप केलं होतं? त्या अळीला बीटी कापूस पचायला लागलाय, आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झालेला कापूस, उभी ठेवली की तिला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा लोकांनी हाच प्रश्न धरला होता, आणि येशूने स्पष्ट सांगितलं की ती माणसं इतरांपेक्षा जास्त दोषी नव्हती. पापाची कबुली द्यायची असेल तर अवश्य द्या, क्षमा आहे. अळीचं मात्र कृषी सहायकाला विचारा.

आता सगळ्यात अवघड भाग. भाऊ, तुम्ही जे वावर विकू की राखू म्हणून देवाला विचारताय, ते तुमचं नाही. सातबारा वडिलांच्या नावावर आहे. शेजारच्या हिंदू घरात वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मापासून हिस्सा धरतात. त्यामुळे आपल्याकडेही तसंच असेल असं पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं समजून चालतात. आपल्याला वारसाहक्काच्या बाबतीत 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. वडील हयात आहेत तोवर त्यांच्या नावावरची जमीन त्यांची. मृत्युपत्र न करता ते गेले, तर आई नसल्यामुळे ती तुम्हा तिघा भावंडांत सारखी वाटली जाईल. मुलगा आणि मुलगी असा फरक हा कायदा करत नाही. (आदिवासी कुटुंबांच्या जमिनीचे नियम वेगळे आहेत, त्या वाचकांनी तहसीलमध्ये चौकशी करावी.) तुमच्या पत्रात वडिलांबद्दल एकच वाक्य आहे: "बाबा काई म्हनत नाई." ते म्हणत नाहीत की त्यांना कोणी विचारलं नाही? खाटेवर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. बहिणींना फोन करा. आईबापाचा मान राख ही आज्ञा दगडी पाट्यांवर कोरून दिलेली आहे, ती शोधायला चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत.

तसंच बायकोचं. "संसारी विचार करते" हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. वरून येणारं ज्ञान कसं ओळखावं हे याकोबाने तिसऱ्या अध्यायात सांगितलंय: ते शुद्ध असतं, शांती करणारं असतं, सौम्य असतं, समजावलं तर ऐकून घेणारं असतं, दयेने भरलेलं असतं. या मापाने तिचं बोलणं मोजा. विकू नका म्हणजे वडिलांच्या पायाखालची जमीन राहील, एक वर्ष मक्त्याने द्या म्हणजे परतीची वाट राहील, तुम्ही एकटे जा म्हणजे मुलीची दहावी गावातल्याच शाळेत होईल. तुम्ही महिनोन्महिने जे ज्ञान मागत होता ते तुमच्याच घरात बोललं गेलं असण्याची शक्यता मला तरी मोठी वाटते. दावीद तलवार घेऊन नाबालाच्या घरावर निघाला होता तेव्हा त्याला अडवायला देवाने अबीगइल नावाच्या एका बाईलाच पाठवलं, आणि त्याने तिचं ऐकलं.

तिच्या योजनेतही खोट आहे, ती झाकत नाही. मक्त्याचे पैसे थोडे येतील. वडील, दोन मुलं आणि घर एकट्या बाईवर पडेल. तुम्ही तिकडे एका खोलीत एकटे, आणि मन आधीच खचलेलं. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. म्हणून दर आठवड्याला घरी येणं जमेल का, हा प्रश्न पगाराइतकाच मोठा समजा.

पत्रात अजून एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही. तुम्हाला स्वतःला काय हवंय? सेवक काय म्हणाले, चिठ्ठी काय म्हणाली, बायको काय म्हणाली, सगळं आहे. तुम्ही लिहिता, "माझी इच्छा मेली पायजे, तवाच देवाची कयन." गेथशेमाने बागेत जा. येशूची इच्छा तिथे मेलेली नव्हती. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं त्याने आधी स्पष्ट सांगितलं. तीनदा त्याच शब्दांत प्रार्थना केली, घाम गाळला, मित्रांना जवळ जागं राहायला सांगितलं. आणि मग म्हणाला, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. स्वतःची इच्छा ज्याला माहीत नाही तो ती देवाच्या हाती देणार कशी? तुम्हाला शेतीचा कंटाळा आलाय का? तसं असेल तर ते पाप नाही, देवाला सांगा. वावर सोडायच्या विचाराने पोटात तुटतं का? तेही सांगा. एक रात्र फक्त एवढीच प्रार्थना करा, उत्तर न मागता. अधीन होणं तिथून सुरू होतं. आणि प्रार्थना संपल्यावर येशू तिथे बसून राहिला नाही. "उठा, आपण जाऊ," म्हणाला आणि समोर जे होतं त्याच्याकडे चालत गेला.

देवाची आज्ञा आणि कागदपत्रं यांचं वैर आहे असं वाटणाऱ्यांनी यिर्मया 32 वाचावा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला, आणि देव यिर्मयाला म्हणतो, अनाथोथचं शेत विकत घे. आज्ञा थेट देवाची, तरी यिर्मयाने काय काय केलं पाहा. 17 शेकेल रुपं तराजूत तोलून दिलं, खरेदीखतावर सही केली, शिक्का मारला, साक्षीदार घेतले, मोहोरबंद आणि उघड्या अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावल्या. (यावरून देव मला शेत राखायला सांगतोय असा अर्थ मात्र काढू नका, ही आज्ञा यिर्मयाला होती.)

तेव्हा हिशेब करा. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च काढावा, असं येशूनेच सांगितलंय. वही घ्या, बायकोला सोबत बसवा. एका पानावर सोसायटीचं थकलेलं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, व्याजासकट. दुसऱ्या पानावर चौदा हजारांतून तिकडचं जेवण, येणं-जाणं आणि औषधपाणी जाऊन घरी किती येईल ते. तिसऱ्यावर गेल्या पाच हंगामांचा खर्च आणि उत्पन्न, खरं-खरं. सोसायटीच्या सचिवांना भेटून कर्जाचे हप्ते पाडून मिळतील का ते विचारा. लाजून घरी बसलात तर व्याज वाढतच जाईल. मक्त्याने देणार असाल तर तोंडी नको, एका वर्षाचा लेखी करार करा.

माझं मत विचाराल तर या वर्षी विकू नका. कारण सांगते. नोकरी धरून सोडता येते, मक्ता वर्षाने संपतो, पण विकलेलं वावर परत येत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. सगळीच विकून बसलात तर उद्या चार पैसे आले तरी पुन्हा घेणं जिकिरीचं होईल. झोप उडालेली असताना, मुदतीच्या धाकाखाली, ज्यातून परतता येत नाही असा निर्णय घेऊ नये. वर्षभराने वडील, बहिणी, तुम्ही दोघं, सगळे मिळून विकायचं म्हणालात, तर शांत मनाने विका. त्यात देव सोडून जाणार नाही. नोकरी घ्यावी की नाही हे मी सांगणार नाही, ते वहीची तीन पानं भरल्यावर तुमचं तुम्हालाच दिसेल.

याच गोंधळात असलेल्या बाकीच्यांसाठीही दोन शब्द. एक मुलगी विचारते, परदेशात नर्सिंगला जाऊ का. एक आई विचारते, स्थळाला होकार देऊ का, कारण स्वप्न पडलंय. तुम्हीही हेच करा. शास्त्रात जे उघड सांगितलंय त्याच्या विरुद्ध हे जातं का, ते आधी पाहा. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारा. तुम्हाला ओळखणाऱ्या, आणि ज्यांना यातून काही मिळणार नाही, अशा दोन प्रौढ विश्वासू माणसांचा सल्ला घ्या. त्यानंतर याकोबाच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे "प्रभूची इच्छा असेल तर" म्हणून पाऊल टाका. आणि कोणी देवाच्या नावाने घाई करत असेल तर एक महिना थांबायला सांगा. तेवढ्यावरून तो रागावला, तर त्याच्याबद्दलही काही कळेल.

भाऊ, या आठवड्यात वसतिगृहाच्या अधीक्षकांना फोन करा. विचारा: कामावर रुजू व्हायला जूनअखेरपर्यंत मुदत मिळेल का, आठवड्याची सुटी कोणती, पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत चार दिवस रजा देतात का, भविष्य निर्वाह निधी कापतात का, आणि पुढल्या वर्षी कुटुंब आणलं तर त्या खोलीत राहू देतील का. फोन लावताना बायकोला शेजारी बसवा आणि स्पीकर चालू ठेवा. तुमच्या लक्षात येणार नाही असा एखादा प्रश्न ती विचारेल.